ग्रॅम नावाचा माणूस

हान्स क्रिश्चन ग्रॅम हे नाव मराठीच्या वर्गात कधी येत नाही. सायन्सवाले मात्र ते रोज घेतात, पण माणूस म्हणून नाही; 'ग्रॅम पॉझिटिव्ह', 'ग्रॅम निगेटिव्ह' असं.

ग्रॅम यांचा जन्म १८५३ सालचा, कोपनहेगनचा. सुरुवातीला ओढा वनस्पतिशास्त्राकडे, मग वैद्यकाकडे वळले आणि १८७८ मध्ये डॉक्टर झाले. तिशीत ते बर्लिनला फ्रिडलेंडर यांच्या हाताखाली गेले. तिथे न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाचे पातळ काप ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. अडचण अशी, की रंग दिला की पेशी आणि जंतू दोन्ही रंगायचे, वेगळं काही दिसायचं नाही. ग्रॅमनी जेन्शियन व्हायोलेट दिला (तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषध हेच), वर आयोडीन, मग अल्कोहोलने धुतलं. पेशींचा रंग गेला, जंतू जांभळे राहिले. १८८४ मध्ये त्यांनी हे छापलं. काही जंतूंचाही रंग उतरतो, ही पद्धतीतली उणीव म्हणून त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. पुढे त्याच उणिवेवरून जंतूंचे दोन मोठे गट पडले! मला हा माणूस आवडतो तो या प्रामाणिकपणासाठी.

आमच्या निपाणी भागात याचं महत्त्व डोळ्यावर येतं. माझ्या मामाच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं. दुकानातून कुणीतरी दिलेल्या ड्रॉपमध्ये स्टेरॉईड होतं. लाली कमी झाली, आत जखम वाढत गेली. शेवटी मोठ्या दवाखान्यात कॉर्निया हलकेच खरवडून स्लाइड केली. ग्रॅमच्या रंगात बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांसारखे तुटक धागे दिसले. नोकार्डिया. मातीतला जंतू, डोळ्यात क्वचितच सापडणारा. दिसायला बुरशीसारखा, पण बुरशीच्या औषधाला दाद देत नाही. कल्चरमध्ये तो वाढायला आठवडाही लागतो. स्लाइड काही मिनिटांत बोलते. मग दुसऱ्या एका रंगाने खात्री केली आणि अमिकासिन सुरू झालं. डोळा वाचला, फूल मात्र राहिलं. मामा अजून उसात जातो, पण गॉगल घालून. पोरं हसतात, हसू देत.

ग्रॅम स्वतः या रंगाच्या कामात फार रमले नाहीत. १८९१ मध्ये औषधशास्त्राचे, पुढे वैद्यकाचे प्राध्यापक झाले, पेशंट बघत राहिले. शेवटचा गुलाबी रंग, जो आज निगेटिव्ह जंतू दाखवतो, तोही त्यांचा नाही, नंतर दुसऱ्यांनी जोडला. १९३८ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. तेव्हा पेनिसिलिन अजून दवाखान्यात आलं नव्हतं.