खानावळीचा नफा आणि जागेचा खंड

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण व टेंभुर्णीच्या परिसरात मासळीच्या खानावळी ठिकठिकाणी दिसतात. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, काठची कसदार जमीन पाण्याखाली गेली आणि यशवंतसागराच्या चिलापी-कटल्याने काही घरांना दुसरा धंदा मिळवून दिला. उद्या यांपैकी एखाद्या खानावळीच्या शाखा गावोगाव निघाल्या, तर नफा कोणाच्या पदरी पडेल? रे क्रॉक या अमेरिकन विक्रेत्याचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

क्रॉक यांचा जन्म १९०२ मध्ये शिकागोजवळील ओक पार्क येथे झाला. शाळा अर्धवट सोडून त्यांनी पियानो वाजविला, कागदी पेले विकले आणि पुढे एकाच वेळी पाच पेले दूध घुसळणारे यंत्र घेऊन ते देशभर हिंडले. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील एकाच उपाहारगृहाने अशी आठ यंत्रे घेतल्याचे ऐकून पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ कुतूहलाने तेथे पोहोचला.

ते उपाहारगृह रिचर्ड व मॉरिस मॅकडॉनल्ड या बंधूंचे. चांगला चालणारा धंदा १९४८ मध्ये काही महिने बंद ठेवून त्यांनी पदार्थांची संख्या नऊवर आणली होती, मोटारीपर्यंत बशा पोहोचविणाऱ्या मुलींना निरोप दिला होता आणि टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघर आखून कामगारांचे प्रत्येक पाऊल ठरविले होते. हॅम्बर्गरची किंमत ठेवली १५ सेंट. कारखान्याची शिस्त चुलीपाशी आणण्याचे श्रेय या बंधूंचेच. संस्थापकपद मात्र क्रॉक यांनी पुढे मिरविले!

बंधूंशी करार करून क्रॉक यांनी १९५५ मध्ये डेस प्लेन्स येथे आपली पहिली शाखा उघडली. इतर शाखाचालकांकडून विक्रीच्या १.९ टक्के घ्यावयाचे आणि त्यांतील ०.५ टक्के बंधूंना द्यावयाचे, अशी वाटणी होती. उरलेल्या १.४ टक्क्यांत कचेरीचा खर्चही भागेना. तेव्हा हॅरी सोनेबॉर्न या त्यांच्या सहकाऱ्याने १९५६ मध्ये निराळीच वाट दाखविली. कंपनीने मोक्याची जागा दीर्घ मुदतीने घ्यावी व शाखाचालकाला चढ्या भाड्याने द्यावी. किमान भाडे किंवा विक्रीतील ठराविक हिस्सा, जे अधिक असेल ते घ्यावे. रिकार्डोचा खंडसिद्धांत शिकलेल्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. शिवाय, नियम मोडणाऱ्याला जागेवरून उठविण्याचा धाकही हाती आला. क्रॉक यांची खरी पकड हॅम्बर्गरवर नव्हती, त्याखालच्या जमिनीवर होती.

१९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन क्रॉक यांनी बंधूंचे सर्व हक्क विकत घेतले. मूळ उपाहारगृह बंधूंकडे राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावण्याची मुभा त्यांना उरली नाही. क्रॉक १९८४ मध्ये वारले. त्यांची कंपनी भारतात आली ती १९९६ मध्ये.

उजनीकाठच्या मच्छीमारांची अवस्था बंधूंहून कठीण आहे. मासळी व हातची चव त्यांची असली, तरी रस्त्याकडेची जागा बहुधा दुसऱ्याची असते, आणि गिऱ्हाईक वाढले की भाडेही वाढते. धरणग्रस्तांना पर्यायी जमीन देताना शेतीचाच विचार झाला. महामार्गालगतच्या सरकारी जागा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याचा विचार शासनाने आता तरी करावा. तेथील भाव एकदा चढले, की त्या संस्थांना परवडणार नाहीत.