रंग उतरण्याची वाट पाहणारा चित्रकार

अमूर्त चित्र म्हणजे लहर लागली की कॅनव्हासवर केलेली रंगांची उधळण, हा समज आपल्याकडे अजूनही पुरता मावळलेला नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या कामाकडे पाहिले, की तो टिकत नाही. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास हातावेगळे करणारा हा चित्रकार उरलेला बराचसा काळ नुसता बसून असे. हे बसणे हाच त्यांच्या चित्रनिर्मितीचा मोठा भाग होता.

गोमंतकीय कुटुंबात २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. वाढले ते गिरगावच्या चाळीत. सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ मध्ये मिळविली. आरंभी भारतीय लघुचित्रांचा आणि पुढे पॉल क्ले यांच्या रेषेचा प्रभाव त्यांच्यावर होता. १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह गटात सामील झाले, पण गटात रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्यांच्या चित्रांतून मनुष्याकृती आणि वस्तू नाहीशा होऊ लागल्या.

‘अमूर्त’ हा शब्द मात्र त्यांना मान्य नव्हता. अमूर्तीकरणात आधी एखादी वस्तू असते आणि मग तिचा आकार गाळला जातो. गायतोंडे यांच्या चित्राला अशी मूळ वस्तूच नसे. म्हणून ते स्वतःच्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्याकडे असलेली त्यांची ओढ याच्याशी सुसंगतच म्हणावी लागेल.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. जॅक्सन पोलॉक यांनी तेथे उत्स्फूर्ततेला शरीराची गती दिली होती. जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत ते रंग ओघळवीत. गायतोंडे यांची उत्स्फूर्तता याहून निराळी होती. रोलर आणि पॅलेट नाईफने ते रंगाचे पातळ थर चढवीत, काही खरवडून काढीत. कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलले, की अनपेक्षित आकार उमटत. त्यातला कोणता ठेवायचा आणि कोठे थांबायचे, याचा निर्णय अंतःप्रेरणेचा. आधी काढलेल्या आराखड्याचा तेथे उपयोग नव्हता. ठेवलेला आकार योगायोगाचा असला, तरी तो ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या मौनातून तयार झालेली होती.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी मुंबई सोडून ते दिल्लीत निजामुद्दीन येथील बरसातीत राहू लागले. लग्न केले नाही, गोतावळाही ठेवला नाही. १९८४ च्या अपघाताने मात्र मोठा कॅनव्हास हाताळणेच अशक्य केले. ज्याची सारी पद्धत हाताच्या दाबावर अवलंबून, त्याच्यासाठी हा आघात केवढा असेल! तरीही त्यांनी कागद आणि शाई जवळ केली. या छोट्या रेखाटनांकडे रसिकांचे आजही तुलनेने दुर्लक्षच होते. काही वर्षांनी ते पुन्हा तैलरंगांकडे वळले.

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. त्याआधी, २०१३ च्या मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले होते. २०२५ मध्ये दुसऱ्या एकाने ६७ कोटींचा टप्पा ओलांडला. त्यांच्या बहुतेक चित्रांप्रमाणे या दोन्ही चित्रांनाही शीर्षक नाही.