आनंदवनाचा वाफा, हेमलकशाचे ताट

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यात झाला. तरुणपणी त्यांना शिकारीचा शौक होता. पुढे वरोऱ्यात वकिली करताना, एका पावसाळी रात्री गटारात पडलेला कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले. त्या भीतीची लाज वाटून परत फिरले, आणि तिथून ‘बाबा आमटे’ घडले.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर मोजक्या रुग्णांसह आनंदवन सुरू झाले. पहिला प्रश्न पोटाचा होता. रुग्णांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली, भाजीचे वाफे केले. काही वर्षांत खाऊन उरेल इतकी भाजी पिकू लागली, पण गावात ती कोणी घेईना. वास्तविक कुष्ठरोग भाजीतून पसरत नाही. तो मुख्यतः उपचार न झालेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात नाका-तोंडातील तुषारांतून पसरतो. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक आले, रुग्णांसोबत राबले, जेवले. ते पाहून गावाची भीती ओसरू लागली आणि भाजीला गिऱ्हाईक मिळाले.

हाच धडा घेऊन २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबांनी भामरागडच्या जंगलात, हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे डॉक्टर पुत्र प्रकाश व सून मंदाकिनी तिथेच राहिले. माडिया गोंडांच्या जेवणात भात, मोहफुले, कंदमुळे, बांबूचे वास्ते आणि शिकार असे. जंगल हंगामात भरभरून देई, मात्र पावसाळ्यात नद्यांनी वाट अडवली की चूल मंदावे. हिवताप आणि कुपोषण हातात हात घालून येत. औषधाने ताप उतरे, पण अंगात ताकद अन्नानेच येते. म्हणून दवाखान्यापाठोपाठ शाळा आली आणि शाळेत शेती व भाजीपाला शिकवला जाऊ लागला. पेरलेली भाजी मुलाच्या ओळखीची होते. ओळखीची झाली की ताटात राहते.

शहरातल्या घरालाही हे लागू आहे. भातासोबत डाळ घेतली की दोन्हींतील प्रथिने एकमेकांची उणीव भरतात. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबू किंवा आवळा मदत करतो, तर जेवणालगतचा चहा अडथळा आणतो. दूधही न घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एकदम सारे बदलण्याऐवजी रोजच्या जेवणात एक भाजी वाढवावी, आणि ती घरातल्या मोठ्यांनी मुलांसोबत बसून खावी.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांचा देह तिथल्याच मातीत ठेवण्यात आला.