मिशीवाली आई : गिजुभाई बधेका



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळजण लिहितील. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. त्या काळात ज्यांनी न भेटता माझा हात धरला, त्या गिजुभाईंविषयी मी लिहिते आहे.

गिरिजाशंकर बधेका यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रात झाला. पोटापाण्यासाठी ते पूर्व आफ्रिकेत जाऊन आले, मग मुंबईत कायदा शिकून वकील झाले. 1913 मध्ये मुलगा झाला. याला कसे वाढवावे, या विचारात माँटेसरीबाईंची पुस्तके हाती पडली आणि त्यांचे आयुष्यच बदलले. चालती वकिली सोडून 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. तिथे 1920 मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले.

त्या काळी छडीवाचून शाळा चालते, हे कुणाला पटत नसे. गिजुभाईंनी छडी तर टाकलीच, पण बक्षिसेही टाकली. भीती आणि लालूच ही दोन्ही मुलाला शिकण्यापासून दूर नेतात, असे त्यांचे मत होते. कोणते काम घ्यायचे, ते किती वेळ करायचे, हे मूल ठरवी. गोष्टी, गाणी, नाटके, बागकाम हाच अभ्यास. हा भरघोस मिशांचा माणूस मुलांत इतका रमे की लोक त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून आपल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. दोघांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. गिजुभाई 23 जून 1939 रोजी गेले. ताराबाईंनी तेच काम पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले.

‘दिवास्वप्न’ हे गिजुभाईंचे छोटे पुस्तक मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाचले. त्यातला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी मुलांना शांत बसवायला जातो आणि वर्गात नुसता गोंगाट होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा मुले आपणहून गप्प होतात. हे वाचून मला धीर आला. साठ मुलांच्या वर्गात मीही रोज गोष्टीचा तास ठेवला, वाचायचे पुस्तक मुलांनाच निवडू दिले. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गातल्या गलबल्याबद्दल शेरा मारला. त्याच आठवड्यात, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीने उभे राहून स्वतः रचलेली गोष्ट सांगितली. मी पद्धत बदलली नाही.

आपण आता बहुतेक आजी-आजोबा आहोत. संध्याकाळी नातवंड शाळेतून आले, की गुण विचारण्याआधी आज तुला काय करावेसे वाटले, एवढे विचारून पाहा. गिजुभाईंची आठवण ठेवायला इतके पुरेसे आहे.