रेचेल कार्सन आणि माशाची किडनी

बारावी झाली आणि आपण बहुतेकांनी बायोला रामराम ठोकला. मग हा प्राणिशास्त्राच्या बाईंबद्दल कशाला लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. एन्व्हायर्न्मेंटच्या पेपरात रेचेल कार्सन, सायलेंट स्प्रिंग, १९६२ एवढं लिहून आपण मार्क मिळवतो आणि विसरून जातो. मीही तेच करत होतो, पण त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय वाचला आणि अडकलो.

जन्म २७ मे १९०७, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, स्प्रिंगडेल गावी. घरची परिस्थिती बेताचीच. कॉलेजात गेल्या त्या लेखिका व्हायचं म्हणून इंग्रजी घेऊन, आणि मध्येच बायॉलॉजीकडे वळल्या. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता कॅटफिशच्या, म्हणजे आपल्या मांगुरासारख्या मिशीवाल्या माशाच्या, गर्भात सुरुवातीची किडनी कशी घडते. १९३५ मध्ये वडील गेले, घर अंगावर पडलं आणि पीएच.डी. राहिली ती राहिलीच. सरकारच्या मत्स्य खात्यात रेडिओची स्क्रिप्टं लिहिता लिहिता तिथंच नोकरी लागली. १९५१ चं समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं, तेव्हा कुठे १९५२ मध्ये नोकरी सोडता आली.

आता त्या किडनीची गंमत बघा. मोठ्या माशात डोक्यामागे किडनीचा जो भाग असतो, त्यातच कॉर्टिसोल बनवणाऱ्या पेशी असतात. पाण्यात विष आलं की मेंदू पिट्यूटरीला कळवतो, पिट्यूटरी या पेशींना, आणि रक्तात कॉर्टिसोल चढतं. मग साखर वाढते, पळायला ताकद मिळते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकतो तो फीडबॅक लूपच म्हणा ना! संकट टळलं की अलार्म बंद. पण विष पाण्यातच मुरलं असेल तर पळणार कुठे? तिकडे यकृतातली एन्झाइमं विष मोडायच्या मागे लागतात, आणि त्या झटापटीत पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढू शकतात. वाढ, अंडी, रोगाशी झुंज, सगळ्यांच्या वाटची शक्ती इकडे वळते. मासा वरून धडधाकट दिसतो आणि आतून दिवाळं निघत असतं.

यातलं बरंचसं पुढच्या संशोधकांनी उलगडलं. पण मेलेले मासे मोजून थांबायचं नाही, पेशीच्या आत काय बिघडलं ते विचारायचं, ही दिशा सायलेंट स्प्रिंगमध्ये स्पष्ट आहे. कीटकनाशकं नसांमधलं कोलिनेस्टरेज एन्झाइम कसं बंद पाडतात, पेशीचं एटीपी बनवणं कसं बिघडवतात, हे त्यांनी सामान्य वाचकाला समजेल असं मांडलं. कॅनडातल्या मिरामिची नदीचं प्रकरण तर वाचवत नाही. १९५४ मध्ये जंगलातल्या अळ्यांसाठी विमानातून डीडीटी फवारलं आणि त्या वसंतात जन्मलेली सालमनची पिल्लं संपली. जी मोठी वाचली, त्यांचं खाणं असलेले पाण्यातले किडेही मेले होते. कॅलिफोर्नियात क्लिअर लेकमध्ये चिलटांसाठी डीडीडी टाकलं, पाण्यात जेमतेम ०.०२ पीपीएम. प्लवकांत ते ५ पीपीएम झालं, आणि मोठ्या माशांत त्याच्या कैक पट.

हे पुस्तक लिहिताना १९६० मध्ये कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. शिवाय आई गेलेला भाचीचा लहान मुलगा सांभाळायचा होता. आजार त्यांनी जगापासून लपवला, कारण विरोधक म्हणाले असते की ही स्वतःच्या दुखण्याचा राग औषधांवर काढतेय. तसंही लग्न न केलेली बाई, पीएच.डी. नाही, हिला काय कळतंय असा सूर लागलाच. औषधं सरसकट बंद करा असं त्या म्हणतच नव्हत्या. पण ते ऐकतंय कोण! जून १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या, तेव्हा कॅन्सर हाडांत पोचला होता. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती १९७२ साली.

१९६३ च्या अखेरीस मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात लाखो मासे तडफडून मेले. त्यांच्या अंगात एंड्रिन सापडल्याचं मार्च १९६४ मध्ये जाहीर झालं. माशांसाठी हे किती जहाल आहे, ते बाईंनी दोन वर्षं आधीच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. १४ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या, छप्पन्नाव्या वर्षी.