विश्लेषण : पाण्याखालच्या ड्रोनचा पूर्वज कोणी घडवला? कोण होते रॉबर्ट व्हाइटहेड?

अमेरिकेची ‘ओर्का’, ऑस्ट्रेलियाची ‘घोस्ट शार्क’ अशा मोठ्या, मानवरहित आणि स्वतःच मार्ग काढणाऱ्या पाण्याखालच्या ड्रोनची सध्या चर्चा आहे. आत माणूस नसताना यंत्राने खोली आणि दिशा कशी राखायची, हा त्यामागचा प्रश्न मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याचे पहिले यशस्वी उत्तर व्हाइटहेड यांच्या टॉर्पेडोने, म्हणजे पाणतीराने दिले.

सुरुवात कशी झाली?

व्हाइटहेड यांचा जन्म १८२३ मध्ये इंग्लंडमधील बोल्टनचा. अभियंता म्हणून त्यांनी फ्रान्समधील तुलाँ, पुढे मिलान आणि त्रिएस्त येथे काम केले. १८५६ मध्ये ते फ्युमे बंदरातील कारखान्याचे व्यवस्थापक झाले. हे शहर आज क्रोएशियात असून रिएका या नावाने ओळखले जाते. तेथे ऑस्ट्रियाच्या नौदलासाठी वाफेची इंजिने बनत.

कल्पना कोणाची होती?

ऑस्ट्रियाचे निवृत्त नौदल अधिकारी जोव्हानी लुप्पिस स्फोटकांनी भरलेल्या छोट्या होडीची कल्पना घेऊन आले. ती किनाऱ्यावरून दोरांनी वळवायची होती. हे व्यवहार्य नाही, हे व्हाइटहेड यांनी ओळखले. त्यांनी दोर काढून टाकले, यंत्र पाण्याखाली नेले आणि त्याला दाबाखालील हवेवर चालवले. १८६६ मध्ये हा पाणतीर तयार झाला.

‘गुपित’ काय होते?

सुरुवातीचे पाणतीर एका खोलीवर टिकत नसत. पाण्याचा दाब मोजणारी चकती खोली सांगे, पण केवळ तिच्या भरवशावर पाणतीर वर-खाली हेलकावत राही. व्हाइटहेड यांनी तिला लंबकाची जोड दिली. नाक झुकले की लंबक हले आणि आडवे सुकाणू हेलकावा आवरे. ही रचना कारखान्यात कडेकोट गुप्त ठेवली गेली. दिशा सरळ राखण्यासाठी १८९० च्या दशकात लुडविग ओब्री यांचा जायरोस्कोप वापरात आला.

परिणाम काय झाला?

१८७१ मध्ये ब्रिटनने १५ हजार पौंडांना निर्मितीचे हक्क घेतले. पण ते एकट्या ब्रिटनचे नव्हते. इतर देशांनीही पाणतीर घेतले आणि एकमेकांचे शत्रू एकाच कारखान्याचे ग्राहक बनले. १८७८ मध्ये बातुमीजवळ रशियन बोटींनी पाणतीराने तुर्की जहाज बुडवले. छोटी बोट मोठ्या जहाजाला भारी पडू शकते, हे सिद्ध झाले.

व्हाइटहेड १९०५ मध्ये वारले. त्यांची नात आगाथा हिचे पती गेओर्ग फॉन ट्राप पाणबुडीचे कप्तान होते. ‘साउंड ऑफ म्युझिक’मधील कप्तान त्यांच्यावरच बेतलेला आहे. १९१५ मध्ये त्यांनी ‘लेआँ गांबेता’ ही फ्रेंच युद्धनौका पाणतीरांनी बुडवली. त्यात सहाशेहून अधिक जण मरण पावले.

आज याचे महत्त्व काय?

समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार खोल जात नाहीत आणि जीपीएसही चालत नाही. त्यामुळे पाण्याखालच्या ड्रोनला बरेच काही स्वतःच ठरवावे लागते. व्हाइटहेड यांचा पाणतीर निदान माणसाने नेम धरून सोडलेला असे. दूरवर एकट्याने फिरणाऱ्या ड्रोनबाबत नेम कोणी धरायचा, हा प्रश्न त्यांच्या गुपितापेक्षा अवघड आहे.