चालता येत नव्हतं, पण जहाजांचा नाद सुटला नाही : राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची गोष्ट

रील्स बघताना लाकडी जहाजाचं किट जोडणारा माणूस तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. खोक्यातून नकाशा निघतो, लाकडाच्या बारीक पट्ट्या निघतात, दोऱ्याची रिळं निघतात. आधी जहाजाचा कणा, मग त्याला फासळ्या, मग पट्ट्या भिजवून, वाकवून एकेक चिकटवायची. पॉलिश पेपरनं घासायचं, वॉर्निश मारायचं. शेवटी डोलकाठ्या उभ्या करून चिमट्यानं दोर बांधत बसायचं. एका जहाजात महिने जातात, आणि हे सगळं काम बसून करायचं असतं.

असाच जहाजांचा नाद असलेला एक माणूस पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. एकदा नाही, चार वेळा निवडून आला. त्यांचं नाव फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट.

पण हा नाद लागला कुठून?

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हाईड पार्क नावाचं गाव आहे, तिथल्या श्रीमंत घरातला हा मुलगा. आई सारा यांचं माहेर डेलानो घराणं, चीनशी व्यापार करणारं. सारा ७ वर्षांच्या असताना शिडाच्या जहाजातून थेट हाँगकाँगला गेल्या होत्या. त्यामुळे समुद्राच्या गोष्टी फ्रँकलिन यांना घरातच ऐकायला मिळाल्या.

उन्हाळ्याची सुट्टी कॅनडातल्या कँपोबेलो बेटावर जायची. तिथं ते शिडाची बोट चालवायला शिकले. सोळाव्या वर्षी स्वतःची बोट मिळाली, तिचं नाव न्यू मून. त्यांना नौदलात जायचं होतं, पण वडिलांना ते पटलं नाही. पोरगं हार्वर्डला गेलं, पुढे कायदा शिकलं.

पण नौदलानं पाठ सोडली नाही. १९१३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते नौदल खात्याचे सहायक सचिव झाले. त्यांचे दूरचे भाऊ थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी याच खुर्चीत बसून गेले होते. फ्रँकलिन ७ वर्षं या पदावर राहिले. जहाजांची जुनी चित्रं, कागदपत्रं आणि लाकडी मॉडेल्स गोळा करण्याचा छंदही जोरात होता. १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, हरले. तरी पुढचा मोठा नेता म्हणून त्यांच्याकडे बघितलं जात होतं.

आणि मग आला ऑगस्ट १९२१.

कँपोबेलोवर सुट्टी चालू होती. एके दिवशी पोहून आल्यावर त्यांना थंडी वाजायला लागली. दोन-तीन दिवसांत पायातली ताकद गेली. पोलिओचं निदान झालं. वय ३९, घरात ५ मुलं. आईचं म्हणणं होतं, राजकारण सोड आणि हाईड पार्कला येऊन आराम कर. पत्नी एलिनॉर आणि जवळचे सहकारी लुई हाऊ यांना ते मान्य नव्हतं. हा माणूस घरात बसला तर खचेल, असं त्यांना वाटत होतं.

पुढची काही वर्षं व्यायामात गेली. पायांना लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबड्या घेऊन ते हाईड पार्कच्या घरापासून फाटकापर्यंत जायची धडपड करायचे. उरलेल्या वेळात पोस्टाची तिकिटं आणि जहाजं. हाऊ यांना सोबत घेऊन ते लाकडी शिडाच्या छोट्या बोटी बनवायचे, त्या हडसनमध्ये सोडायचे आणि कुणाची पुढे जाते ते बघायचे. जी बोट लहानपणी स्वतः चालवली, ती आता टेबलावर बसून घडवायची.

हातातलं हे कसब फक्त छंदापुरतं नव्हतं. त्या काळच्या व्हीलचेअर अवजड असायच्या, म्हणून रूझवेल्ट यांनी साध्या बिनहाताच्या खुर्चीला चाकं लावून घेतली. ती अरुंद दारातून सहज जायची आणि चटकन नजरेतही भरायची नाही. फक्त हातांनी चालवता येईल अशी गाडीही करून घेतली.

चटकन नजरेत न भरणं, हाच खरा मुद्दा होता. अपंग माणूस देश चालवू शकत नाही, असं मानणारा तो काळ. रूझवेल्ट १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पण भाषणाला उभं राहायचं तर कॅलिपर घट्ट करून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं मुलाचा दंड धरून. व्हीलचेअरमधले फोटो काढू दिले जात नसत, त्यामुळे आज तसे फोटो मोजकेच सापडतात.

व्हाईट हाऊसमधल्या त्यांच्या खोल्यांत मात्र जहाजांची मॉडेल्स आणि चित्रं मांडलेली असायची. पाहुण्यांना जहाजं दिसायची, कॅलिपर पँटखाली झाकलेले असायचे. ते चमकू नयेत म्हणून त्यांना काळा रंग दिलेला असायचा.

या वस्तूंचं पुढे काय करायचं, हेही त्यांनी जिवंतपणीच ठरवलं. हाईड पार्कच्या आपल्या जमिनीवर ग्रंथालय आणि संग्रहालय बांधून घेतलं आणि कागदपत्रांसोबत जहाजांचा संग्रहही देशाला दिला. ३० जून १९४१ ला ते खुलं झालं. केंद्र सरकारच्या ताब्यातलं हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालय. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी हीच पद्धत उचलली.

१९४५ च्या सुरुवातीला ते क्विन्सी या युद्धनौकेतून माल्टापर्यंत आणि तिथून विमानानं याल्टा परिषदेला गेले. परत आल्यावर १ मार्चला अमेरिकन काँग्रेससमोर त्यांनी बसून भाषण केलं, आणि पायांना लोखंडाचं ओझं असल्याचं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. जवळपास चोवीस वर्षं झाकलेली गोष्ट त्यांनी स्वतःच उघड केली.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १२ एप्रिल १९४५ ला, जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं त्यांचं निधन झालं. हाईड पार्कच्या गुलाबाच्या बागेत त्यांची समाधी आहे. शेजारीच ते संग्रहालय आहे. त्यात त्यांची जहाजं आहेत, आणि हयातभर लोकांच्या नजरेआड ठेवलेली चाकांची खुर्चीही आहे.